म्हणे सगळं सागच आहे

आमच्याकडे खान्देशात कुठल्याही जुन्या घरात जा आणि मालकाला विचारा की लाकूड कसलं आहे, उत्तर ठरलेलं, साग. खांब साग, तुळई साग, कड्या साग, माडीचा जिना साग, आजीचा पोळपाट सुद्धा साग. एवढा साग सातपुड्यात खरंच असता तर डोंगरावर दुसरं झाड उगवायला जागाच राहिली नसती.

आमच्या स्वतःच्या घराबद्दल पण हेच ऐकत मोठा झालो. घर चोपडा तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला, नऊ खणांचं धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं, दाराच्या वरच्या पट्टीवर शके १८४६ कोरलेलं आहे म्हणजे १९२४ च्या आसपासचं. दोन-दोन फूट जाड मातीच्या भिंती, दगडी उथाळ्यावर उभे खांब, खांबावर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर कुठे फळ्या कुठे तुराट्या, त्यावर कडुनिंबाचा पाला, मग माती आणि सगळ्यात वर खारी, म्हणजे खारवट पांढरी माती. आता तिथे माझे मोठे काका राहतात, आम्ही आप्पा म्हणतो, वय ८१, आणि माझा चुलतभाऊ त्याच्या कुटुंबासकट. भावाला घर पाडून स्लॅब टाकायचाय. जुन्या लाकडाचा एक व्यापारी येऊन बघून गेला, त्यानेही मान डोलावली की सगळं साग आहे, आणि अख्ख्या घराचा ठोक भाव सांगितला. सगळा साग म्हणणाऱ्या माणसाने सागाचा भाव का नाही लावला हे मी विचारलं तर भाऊ म्हणे तू आलाच आहेस तर तूच बघ.

मी मुळात सिमेंटचा माणूस. चौदा वर्षं साइटवर काढली, लाकूड म्हणजे सेंट्रिंगच्या फळ्या एवढीच ओळख. जुन्या घरांकडे वळलो ते नंतर, आणि लाकूड शिकलो ते तर लाज वाटली म्हणून. एरंडोलकडच्या एका वाड्यात मी तुळईवर मधोमध हातोडीने ठोकून बघितलं, टणटण आवाज आला, कागदावर लिहून दिलं की ठीक आहे. दोन महिन्यांनी ऐन पावसात त्याच तुळईचं भिंतीतलं टोक बसलं, वरची माती अर्धा खण खाली आली. माणसं ओट्यावर होती म्हणून वाचली, धान्याच्या कोठीचा चुराडा झाला. तुळई मधे ठणठणीतच होती, माझं ठोकणं खरंच होतं, फक्त मी चुकीच्या जागी ठोकलं होतं. त्यानंतर मी जळगावच्या सराफ बाजारातून सोनार वापरतात तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग आणलं, आणि आजपर्यंत ते खिशात असतं. सोन्याच्या गावात लाकूड बघायला भिंग घेणारा मी पहिलाच असेन, दुकानदार दोनदा विचारत होता की नक्की काय बघायचंय.

तर लाकूड ओळखायचं म्हणजे आधी रंग विसरायचा. रंग जुन्या घरात सगळ्यात जास्त खोटं बोलतो. शंभर वर्षं चुलीचा धूर, त्यावर दर दिवाळीला कोणीतरी चोपडलेलं जळकं ऑइल, त्यावर लग्नकार्याला मारलेला चॉकलेटी ऑइल पेंट, याच्याखाली आंबा पण शिसव दिसतो. बाजूची उभी रेघ, म्हणजे ज्याला आपण नक्षी म्हणतो, तीही फसवते. खरं काय ते आडव्या कापात कळतं, बुंधा करवतीने आडवा कापल्यावर जे तोंड दिसतं ना, ते. आता उभ्या घरात असं तोंड शोधायचं कुठे, तर कड्यांची टोकं भिंतीबाहेर आलेली असतात तिथे, जिन्याच्या पायरीच्या कडेला, चौकटीची जी शिंगं भिंतीत घातलेली असतात तिथे. नव्या ब्लेडने नखाएवढी जागा साफ तासायची, धारदार ब्लेड पाहिजे, बोथट असलं तर तंतू चिरडतात आणि मग भिंगातून नुसता चिखल दिसतो. तासल्यावर बोटाने जरा थुंकी लावायची. घाण वाटेल पण ओलं झाल्यावर सगळं उठून दिसतं.

भिंगातून काय दिसतं? बारीक भोकं दिसतात. झाड जिवंत असताना पाणी वर चढवणाऱ्या नळ्या होत्या, त्या कापल्या गेल्यावर भोकं दिसतात. सागाची गंमत अशी की दरवर्षी नवी वाढ सुरू होते तेव्हा तो मोठ्या भोकांची एक ओळ टाकतो, मग पुढे भोकं बारीक आणि विरळ होत जातात, पुढच्या वर्षी परत मोठ्यांची ओळ. त्यामुळे सागाच्या तोंडावर वर्षाचं कडं स्पष्ट दिसतं, सवय झाली की भिंगही लागत नाही. त्यात हात फिरवला तर जरा तेलकट लागतो आणि ताज्या तासलेल्या जागेला जुन्या चामड्यासारखा वास येतो, शंभर वर्षांनी सुद्धा येतो. आपल्याकडच्या बाकीच्या बहुतेक इमारती लाकडांत भोकं सगळीकडे विखुरलेली असतात, ओळ-बिळ काही नाही. म्हणजे पहिला प्रश्न एवढाच, ओळ आहे का. ओळ नाही तर साग नाही, मग तो कोणाच्याही आजोबांनी आणलेला असो.

आमच्या घराचे बाराच्या बारा खांब बघितले. ओळ, तेल, वास, सगळं जागेवर. आप्पा खाटेवरून बघत होते, म्हणाले "मी काय सांगू राहिनतू? मन्हा आजानी सातपुडामाईन आनेल शे ते, बैलगाडीवर."

मग कड्यांकडे गेलो. एका तुटक्या कडीचा तुकडा गोठ्यात पडलेला होता, उचलला तर हाताला दगडच. तासायला गेलो तर ब्लेडची धार गेली. आतून गडद, तांबूस-काळसर, भोकं बारीक आणि विखुरलेली. हा अंजन. खान्देशातल्या लोकांना अंजन माहीत नसेल तर कमाल आहे, आपल्या कोरड्या उजाड टेकड्यांवर जे शोभेच्या झाडासारखं झुकलेल्या फांद्यांचं, जोडपानांचं झाड उभं असतं ते. भारतातल्या सगळ्यात जड लाकडांत त्याचा नंबर लागतो. खात्री करायला बादलीत टाकला, सरळ तळाला गेला. सागाचं वजन घनमीटरला साधारण ६५० किलो, शिसवाचं ८५० च्या आसपास, आणि पाणी १००० किलो, अंजन त्याच्याही वर. लाकूड पाण्यात बुडताना बघून भावाची पोरं जाम खूश झाली, मग घरातलं काय काय बादलीत गेलं ते सांगत नाही. तरंगणाऱ्या लाकडासाठी पण ही युक्ती चालते, सारख्या जाडीची दहा सेंटीमीटरची काडी करायची, अरुंद तोंडाच्या बरणीत उभी तरंगू द्यायची आणि किती बुडाली ते पटकन बघायचं, साडेसहा सेंटीमीटर बुडाली तर ६५०. फार वेळ ठेवली तर लाकूड पाणी पितं आणि हिशोब चुकतो.

माडीच्या दाराची चौकट तिसरीच निघाली. पिवळट-तपकिरी, साग म्हणायला जावं तर ओळ धड नाही, वास नाही. मला शंका आली म्हणून चिमूटभर भुसा काचेच्या ग्लासात पाण्यात टाकून उन्हात ठेवला. थोड्या वेळाने पाणी चहासारखं पिवळं झालं आणि कडेने बघितलं तर निळी झाक, मोरपंखी म्हणावी अशी. हा बिवळा. डायबेटिसवाले ज्या लाकडाच्या पेल्यात रात्री पाणी ठेवून सकाळी पितात ना, तोच. आप्पांनी चष्मा काढून, लावून, परत काढून ग्लास बघितला, आणि मला पहिल्यांदा वाटलं की माझ्या शिक्षणाचा त्यांना काहीतरी उपयोग दिसला. पिऊ नका म्हटलं, शंभर वर्षांचा ऑइल पेंट आहे त्यात.

मागच्या दोन खणांमधल्या कड्या वेगळ्या होत्या, त्या आमच्या आजोबांनी ७२ च्या दुष्काळानंतर बदलल्या, आप्पांना पक्कं आठवतं. तेव्हा डोंगरातून लाकूड आणायचे दिवस संपले होते आणि विकत घ्यायला पैसा नव्हता, म्हणून बांधावरची बाभूळ आणि कडुनिंब तोडला. बाभळीच्या चांगल्या आहेत. कडुनिंबाच्या जरा पिळवटल्यात पण उभ्या आहेत. आणि भावाने पाच-सहा वर्षांपूर्वी घातलेल्या दोन निलगिरीच्या, त्या लांबीभर उभ्या तडकल्यात. घर कधी श्रीमंत होतं आणि कधी नव्हतं ते असं माळ्याकडे बघत चालत गेलं की कळतं.

आता खराबीबद्दल, कारण लोक घाबरतात एकाला आणि मारतं दुसरंच.

सगळ्यात जास्त घाबरतात भोकांना. आमच्या सागाच्या खांबांच्या कोपऱ्यांवर शेकडो बारीक भोकं, बोटाने दाबलं तर मैद्यासारखी पूड गळते. व्यापाऱ्याने नेमकी हीच जागा दाखवून भाव पाडला होता. पण ही पूड करणारा भुंगा फक्त झाडाच्या बाहेरच्या कोवळ्या, फिकट लाकडात जातो, कारण त्याला स्टार्च पाहिजे आणि तो गाभ्यात नसतो. जुन्या सुतारांनी ओंडका चौरस करताना कोपऱ्यांना थोडं बाहेरचं लाकूड ठेवलेलं असतं, तेवढंच खाल्लं जातं. मी चाकूने कोपरा खरवडला, अर्ध्या इंचाखाली गाभा असा लागला की चाकू सरकला. हे कोपरे बहुधा आजोबांच्या लहानपणीच खाऊन झालेले असणार. किडा आता चालू आहे का हे बघायला जागा झाडून खाली काळा कागद चिकटवून आठ दिवस थांबायचं, नवी पूड पडली तर चालू. भोक आतून ताजं फिकट दिसलं तर नवं, काळं पडलेलं आणि जळमट धरलेलं असलं तर जुनं. पूड कसली आहे ते पण बघायचं, मैदा असेल तर हा भुंगा, रव्यासारखी भरड असेल तर मोठा किडा, आणि राजगिऱ्यासारखे दाणे असतील, भिंगातून सहा कडांचे दिसले, तर ती कोरड्या लाकडात राहणारी वाळवी, तिला मातीशी देणंघेणं नसतं.

आपली नेहमीची वाळवी, आमच्याकडे उधई म्हणतात, ती मातीतून येते आणि मातीची नळी बांधत येते. आता आपल्या घराची भिंतच मातीची, त्यामुळे तिला नळी बाहेर दाखवायचीही गरज पडत नाही, आतल्या आत चढते. तिने खाल्लेलं लाकूड वरून पेंटसकट शाबूत दिसतं आणि आत पानं सुटलेल्या जुन्या वहीसारखं असतं, मऊ-मऊ थर खाऊन टणक थर ठेवलेले, मधे माती भरलेली. सागाच्या गाभ्यात तिला न मानवणारी द्रव्यं असतात म्हणून ती सहसा तिथे तोंड लावत नाही, आंबा आणि सलई मात्र तिला पेढ्यासारखे.

आणि तिसरी बुरशी. हिच्याबद्दल कोणी बोलतच नाही कारण ही आवाज करत नाही, पूड पाडत नाही. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर गेला आणि बराच काळ तसाच राहिला की हिचं काम सुरू होतं. एका प्रकारात लाकूड तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत फाटतं, उन्हाळ्यात आपली काळी जमीन भेगाळते ना तसंच, चिमटीत धरलं तर भुगा. दुसऱ्या प्रकारात पांढरट, धागे-धागे, केळीच्या वाळलेल्या सोपटासारखं. आपल्याकडे पाऊस वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास, मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, अशा हवेत घरातलं लाकूड मुळातच कोरडं असतं, म्हणून खान्देशात बुरशी दिसली की समजायचं पाणी कुठूनतरी मुरतंय. हवेला दोष देता येत नाही. नळ, मोरी, पन्हाळ, किंवा नंतर केलेली सुधारणा. सुधारणा म्हणजे काय, तर मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर, त्यामुळे भिंतीतला ओलावा बाहेर पडायचा बंद. धाब्यावर सिमेंटचा कोबा, त्याला तडा गेला की पाणी आत जातं पण उन्हाने सुकून वर येत नाही. किंवा फरशी बसवताना जमीन चार इंच उचलली आणि दगडी उथाळा त्यात बुडाला, मग खांबाचा पाय रोजच्या लादी पुसण्याच्या पाण्यात. यातलं बरंचसं मीच लोकांना करून दिलेलं आहे पूर्वी, म्हणून एवढं ठामपणे सांगतोय.

डेहराडूनला वन संशोधन संस्था आहे, १९०६ पासूनची, तिथे लाकडाचा टिकाऊपणा बघायची एक पद्धत आहे, तिचं नावच कब्रस्तान चाचणी. वेगवेगळ्या झाडांच्या गाभ्याच्या खुंट्या उघड्या जमिनीत पुरायच्या आणि बघत बसायचं. सरासरी १२० महिन्यांच्या वर टिकली तर पहिला वर्ग, ६० ते १२० दुसरा, त्याच्या आत गेली तर तिसरा. साग पहिल्यात, आंबा तिसऱ्यात. मला यातलं आवडतं ते हे की पहिल्या वर्गाची अट सुद्धा फक्त दहा वर्षांची आहे! ओल्या मातीत. आणि आपल्या घरात तेच लाकूड शंभर वर्षं उभं असतं कारण ते कोरडं असतं. लाकडाची जात अर्धी गोष्ट आहे, ते कुठे ठेवलंय ही दुसरी अर्धी, आणि जुन्या सुताराला दोन्ही ठाऊक होत्या. पायाशी, जिथे ओल येऊ शकते, तिथे साग. वर कोरड्यात, जिथे नुसतं वजन पेलायचं, तिथे अंजन. आणि तुळया...

तर तुळया. मधल्या खणाची तुळई, जिच्याखाली आप्पांची खाट आहे, तिच्यावर चॉकलेटी पेंटचे तीन थर. ठोकली, टणटण. या वेळी मी शहाणा होतो, शिडी भिंतीपाशी नेली. टोकाजवळ पेंट खरवडून तासलं, भोकं विखुरलेली, प्रत्येक भोकाभोवती फिकट डोळ्यासारखी कड, ओळ नाही. सादडा. मगरीच्या पाठीसारख्या सालीचा, कोकणात ऐन म्हणतात तो. ताकदीला सागापेक्षा कमी नाही, लांब सरळ मिळतो, स्वस्त, पण ओल लागली तर सागासारखा निभावत नाही. कोरड्या धाब्याखाली आजोबांच्या वडिलांनी घातला ते बरोबरच केलं. "आप्पा, हा साग नाही." "तुले काय समजस त्यामा," हे अपेक्षितच होतं.

मग सायकलचा आरा, ज्याला मी घासून टोक काढलंय, तो भिंतीला लागून तुळईत दाबला. दोन इंच गेला. अजून जोर लावला, चार इंच गेला, आणि बाहेर काढला तर टोकाला ओला तपकिरी भुगा. ओलावा मोजायच्या यंत्राच्या सुया मधे टोचल्या होत्या तेव्हा ११ टक्के, इथे २६. आप्पा खाटेवर उठून बसले. "पानी कथाईन ई राहिनं पन?" त्यांना पाण्याबद्दल मात्र लगेच पटलं.

वर गेलो. नेमकं त्या टोकाच्या डोक्यावर, धाब्यावर, भावाने ठेवलेली हजार लिटरची काळी टाकी. मोटर चालू करून पोरं खेळायला जातात, टाकी वाहते, पाणी कोब्याच्या तड्यातून भिंतीत. शिवाय टाकीचं वजन, भरली की एक टन. त्याच्याखाली माती आधीच आहे, दहा बाय दहाच्या खणावर सहा इंच माती म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास, आणि आमच्याकडे दर एक-दोन वर्षांनी जुनी न काढता नवी खारी टाकत गेल्यामुळे मी मोजली तर नऊ इंच भरली. ओली झाली की आणखी. हे सगळं त्या भुग्यावर टेकलेलं.

भावाला हिशोब कागदावर मांडून दाखवला. तो म्हणाला म्हणूनच तर स्लॅब टाकू म्हणतोय. मी म्हटलं पूर्ण घरात एक तुळईचं टोक आणि दोन निलगिरीच्या कड्या एवढंच खराब आहे, बाकी सगळं तुझ्या नातवापर्यंत जाईल, आणि तो व्यापारी भोकं दाखवून बारा सागाचे खांब सरपणाच्या भावात नेत होता. हे शेवटचं त्याला लागलं. घर पाडायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही, पण ठोक भावाला नको म्हटलंय एवढं खरं.

त्याच संध्याकाळी टाकी रिकामी केली आणि तुळईखाली भिंतीजवळ दोन टेकू लावले. पुढचं असं ठरलंय की वरची जास्तीची माती उतरवायची, टाकी अंगणात खालच्या ओट्यावर, तुळईचं सडलेलं टोक चांगलं लाकूड लागेपर्यंत कापायचं आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनल घालून नट-बोल्टने बांधायचं, नवं टोक भिंतीत घालताना भोवती माती न ठासता हवेला जागा ठेवायची. उरलेल्या लाकडाला बोरिक ॲसिड आणि त्याच्या दीडपट टाकणखार पाण्यात कालवून दोन-तीन हात मारायचे, टाकणखार पण सराफ बाजारातच मिळतो, मला आता तिथे उधारी सुद्धा मिळेल. हे औषध पाण्याने धुऊन जातं, म्हणून आधी गळती, मग औषध, उलटं केलं तर पैसे पाण्यात.

टेकू लावून झाल्यावर आप्पांना म्हटलं काम होईपर्यंत खाट ओट्यावर न्या. ते ऐकेनात. या जागी पन्नास वर्षं झोपतोय म्हणाले. शेवटी रात्री बघितलं तर खाट तिथेच, फक्त दोन हात पुढे सरकवलेली.